मत्सराची पाटी आणि मासळीच्या जुड्या: मान्तेन्याचं ‘सागरदेवांचं युद्ध’ कसं वाचावं

पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार आन्द्रेआ मान्तेन्या याचं ‘सागरदेवांचं युद्ध’ हे छापचित्र समोर आलं की पहिला प्रश्न हमखास येतो: हे युद्ध कुठलं? कोण कुणाशी लढतंय, आणि जिंकलं कोण? हा प्रश्न घेऊन ग्रीक-रोमन पुराणं चाळायला बसलात तर हाती काही लागणार नाही. ही लढाई जशीच्या तशी सांगणारी जुनी गोष्ट सापडत नाही. शीर्षकही मान्तेन्याचं नाही, ते नंतरच्या लोकांनी सोयीसाठी चिकटवलं. त्यानं स्वतः चित्रातल्या एका पाटीवर ठळक लिहून ठेवला तो एकच शब्द, तोही अर्धवट, आणि तो ना देवाचं नाव सांगतो ना लढाईचं.

म्हणून या चित्राशी ओळख करून घेण्याचा क्रम उलटा ठेवावा. आधी ज्यावर चित्र कोरलं तो पत्रा आणि त्यातली रेघ, मग शरीरं, मग तो शब्द, आणि पुराण सगळ्यात शेवटी. पुराणापासून सुरुवात केली की आपण चित्र बघायचं सोडून चित्रात पुराण शोधत बसतो, आणि शोधणाऱ्याला ते सापडतंच.

आधी समोर काय आहे ते पाहू. चित्र दोन वेगळ्या पत्र्यांवर कोरलेलं आहे. दोन्ही छापे शेजारी ठेवले की लांबलचक पट्टी तयार होते, उंची २८ ते ३० सेंमी, लांबी सुमारे ८० सेंमी. डाव्या भागात चौथऱ्यावर समुद्रदेव नेपच्यूनचा पुतळा, हातात त्रिशूळ आणि डॉल्फिन, पाठ आपल्याकडे. तिथेच एका जलचराच्या पाठीवर उभी असलेली वाळकी, लोंबत्या स्तनांची म्हातारी, हातात पाटी. आजूबाजूला पुढून घोडे आणि मागून मासे असलेले जलाश्व आणि त्यांच्यावरचे स्वार. उजव्या भागात वर माणूस, मध्ये घोडा आणि खाली शेपटी असे मत्स्यनर एकमेकांना भिडलेले, आणि त्यांच्या पाठीवर नग्न जलकन्या. मागे उंच पाणवनस्पती. हत्यारांत लक्षात राहतात त्या मासळीच्या बांधलेल्या जुड्या. हो, मासळीच्याच. त्या गदेसारख्या उगारलेल्या आहेत.

चित्र नेमकं कधी कोरलं यावर एकमत नाही. बहुतेक अभ्यासक १४७० ते १४८० च्या दशकांत कुठेतरी ठेवतात. अलीकडची हद्द मात्र पक्की आहे: जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनं उजव्या भागाची पेन-शाईनं नक्कल केली आणि तिच्यावर १४९४ हे साल घातलं. ती नक्कल आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. तिच्याकडे पुन्हा यायचंच आहे.

नोटेवरून अंगठा फिरवा

नाशिककरांना एनग्रेव्हिंग, म्हणजे पत्र्यावर कोरून छापणं, म्हणजे काय हे समजावायला युरोपात जायची गरज नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. पाचशेची कोरी नोट घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवा. हाताला जो खरखरीतपणा लागतो तो याच कुळातल्या छपाईचा. रेघ पत्र्यात खोल असते, शाई त्या खाचेत भरतात, वरचा भाग पुसून काढतात, आणि दाब देऊन कागद खाचेत घुसवतात. त्यामुळे शाई कागदावर किंचित उंचवट्यानं बसते. लाकडाच्या ठशात याच्या नेमकं उलट, तिथे उंच ठेवलेला भाग छापतो.

पंधराव्या शतकात हे सगळं हातानं व्हायचं. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. त्यावर ब्युरिन नावाची चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराच्या टोकाची कोरणी तळहातानं पुढे ढकलायची. ती तांब्याचा बारीक कीस काढत जाते आणि मागे स्वच्छ खाच राहते. वळण घ्यायचं तर हात वळवत नाहीत, पत्राच कातड्याच्या उशीवर फिरवतात. रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा टोकदार होते, कारण कोरणी हळूहळू आत शिरते आणि हळूहळू बाहेर येते. छापताना ओला कागद, रुळाचा दाब आणि कागदामागे जाड लोकरी कापड. कागद कोरडा राहिला तर तो खाचेत शिरत नाही आणि रेघ तुटक येते.

मान्तेन्याच्या पत्र्यांवर ब्युरिनच्या जोडीला ड्रायपॉइंटही आहे, म्हणजे टोकदार सुईनं मारलेले ओरखडे. ओरखड्याच्या कडेनं धातूची धारदार किनार वर येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तिला ‘बर’ म्हणतात आणि ती काढून टाकणं हे रोजचं काम. छापचित्रात मात्र ही बर मुद्दाम ठेवतात. तिच्यात शाई अडकते आणि रेघेभोवती मखमली सावली पडते. अडचण एवढीच की दर छाप्याला रुळाचा दाब ती बर चेपत जातो. काही डझन छाप्यांत ती संपते, आणि मागे उरतो तो हाडं मोजता येतील असा कोरडा सांगाडा.

अर्थ लावताना हे तंत्र हवंच, कारण जगभरच्या संग्रहांत मान्तेन्याच्या छापचित्रांचे जे छापे आहेत त्यांतले बरेच उशिराचे, झिजलेल्या पत्र्यावरून काढलेले आहेत. ताज्या छाप्यात शरीरं गोलाईनं पाण्यातून वर आलेली दिसतात, मागची जागा राखाडी, काहीशी चंदेरी असते. उशिराच्या छाप्यात तीच आकृती सपाट आणि कडक होते. मग कुणी लिहितं, ‘मान्तेन्याची माणसं दगडी वाटतात.’ त्यातला थोडा दगडीपणा मान्तेन्याचा आहे, त्याला रोमन शिल्पांचं वेडच होतं. पण थोडा पत्र्याच्या झिजेचा आहे. कुठला किती हे ठरवायला किमान दोन वेगवेगळे छापे शेजारी ठेवून बघावे लागतात.

खऱ्या मापात छापून घ्या

मोबाइलवर हे चित्र वाचता येत नाही. पडद्यावर ८० सेंमीची पट्टी वितभर होते, बारीक रेघांचा राखाडी धूर होतो आणि पाटीवरची अक्षरं गायब. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर या छाप्यांची मोठी छायाचित्रं मोफत उतरवून घेता येतात. दोन्ही भाग शक्यतो एकाच संग्रहातले घ्या. एक ताजा आणि एक झिजलेला छापा शेजारी आला तर उगाच वाटतं की मान्तेन्यानं डावीकडे धुकं आणि उजवीकडे ऊन दाखवलंय.

छापताना मापाचा हिशेब असा. प्रत्येक भाग साधारण ए-थ्री कागदाएवढा आहे. पण ए-थ्री प्रिंटर कडेनं चार-पाच मिलिमीटर सोडतोच, त्यामुळे रुंद भागाची कड कापली जाते. डिजिटल प्रिंटच्या दुकानात ‘बारा बाय अठरा’ मागा. ती शीट ३०.५ बाय ४५.७ सेंमीची असते, दोन्ही भाग आरामात बसतात. ‘फिट टू पेज’ बंद, स्केल १०० टक्के. संकेतस्थळावर कागदाचं माप दिलंय की पत्र्याच्या ठशाचं ते बघून फाइलची रुंदी त्याप्रमाणे ठरवा. ४२ सेंमी रुंदीसाठी ३०० डीपीआयला सुमारे ४,९६० पिक्सेल लागतात. याहून निम्मी फाइल असेल तर एका मिलिमीटरला जेमतेम सहा ठिपके मिळतात आणि शेजारशेजारच्या दोन रेघा एकमेकींत विरघळतात. मग रेघांबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. ग्रेस्केलपेक्षा रंगीत प्रिंट काढा, जुन्या शाईचा करडेपणा आणि कागदाचा पिवळसरपणा त्यातच राहतो. कागद मॅट, १३० जीएसएमच्या आसपास. ग्लॉसी घेतला तर दिव्याची चमकच बघत बसाल.

सोबत दहा पट मोठं दाखवणारं भिंग हवं. सराफ बाजारात कारागीर डोळ्याला लावतात तसलं चालेल.

रेघ

भिंग एखाद्या मत्स्यनराच्या बरगड्यांवर धरा. मान्तेन्याची छटा देण्याची पद्धत लगेच कळते. तिरक्या, समांतर रेघा, आणि दोन रेघांच्या मध्ये परत येताना ओढलेली आणखी एक हलकी रेघ, त्यामुळे काही ठिकाणी नागमोडीचा भास होतो. कागदावर पेननं भराभर छटा भरताना हात असाच जातो. तांब्यावर तो तसा आपसूक जात नाही, तिथे प्रत्येक रेघ ढकलावी लागते. म्हणजे इथे तांब्यावर पेनचं चित्र दिसावं यासाठी मेहनत घेतलेली आहे.

या मेहनतीचा हात कुणाचा, हा जुना वाद आहे. मान्तेन्याच्या नावावर परंपरेनं सात पत्रे मोजले जातात, त्यांतले दोन याच चित्राचे. पण त्यानं १४७५ मध्ये जान मार्को कावाल्ली या सोनाराशी पत्रे कोरून घेण्याबद्दल करार केला होता, तो कागद गेल्या काही दशकांत उजेडात आला. तेव्हापासून प्रश्न उघडा आहे: रेखाटन मान्तेन्याचं आणि कोरणी सोनाराची, की दोन्ही मान्तेन्याचं? करारातली मला महत्त्वाची वाटते ती अट वेगळीच आहे. कावाल्लीनं ती रेखाटनं इतर कुणाला दाखवायची नाहीत. चित्राचा विषय मत्सर आणि कराराची अट गुप्ततेची. हा योगायोग असेलही, पण लक्षात ठेवण्यासारखा.

एक सापळा इथे सांगून ठेवतो. उजव्या हातानं काम करणाऱ्याची तिरकी रेघ सहसा उजवीकडून वरून डावीकडे खाली येते. छापताना चित्र आरशासारखं उलटतं, त्यामुळे रेघेचा कलही उलटतो. यावरून ‘कोरणारा डावखुरा होता’ असले निष्कर्ष काढू नका. पत्रा फिरवून कोरतात, त्यामुळे नुसत्या कलावरून हात कळत नाही. तीच गोष्ट आकृत्यांच्या हातांची. कुणी डाव्या हातानं शस्त्र उगारलेलं दिसलं तर त्यात गूढ शोधण्याआधी मूळ रेखाटनात तो उजवा असू शकतो एवढं ध्यानात घ्या. पाटीवरची अक्षरं मात्र सुलटी वाचता येतात, म्हणजे ती पत्र्यावर ठरवून उलटी कोरली आहेत.

शेपट्या मोजा

दोन्ही प्रिंट सेलोटेपनं मागून जोडा आणि वर बटर पेपर ठेवा. फक्त बाह्यरेषा गिरवा, छटा अजिबात नको. मग प्रत्येक आकृतीला एक रंग द्या आणि शेपटीच्या टोकापासून सुरू करून धडापर्यंत या. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. वेटोळी एकमेकांमागून जातात, पाण्याखाली गडप होतात, आणि दोन ठिकाणी तरी तुम्ही चुकीच्या धडाला शेपूट लावाल. डोक्यांपासून सुरुवात केली तर हमखास लावाल, कारण डोकं दिसलं की बाकीचं शरीर आपण मनानंच पूर्ण करतो.

रंगवून झालं की आपल्या सवयीला धक्का देणारी गोष्ट दिसते. या युद्धात बाजूच नाहीत. देव-दानवांचं युद्ध म्हटलं की आपल्याला दोन फळ्या, वाहनं, आयुधं, कोण वरचढ हे बघायची सवय असते. इथे सगळे एकाच जातीचे, एकाच अंगकाठीचे. ध्वज नाहीत. कुणी मेलेलं नाही. काही मिळवण्यासाठी लढतायत म्हणावं तर ते ‘काही’ चित्रात नाही. आणि मासळीची जुडी घेऊन मारायला गेलात तर समोरच्याच्या आधी जुडीच फुटेल. मान्तेन्यासारख्या काटेकोर माणसाला हे कळत नसेल हे शक्य नाही. मला यात उघड थट्टा दिसते: भव्य रोमन शरीरं, ओढलेले चेहरे, आणि हातात बाजारातला माल.

या शरीरांचं मूळ रोमन शवपेट्यांवर आहे. संगमरवरी पेट्यांच्या कडांवर समुद्रातली मिरवणूक कोरायची पद्धत होती: मत्स्यनर, पाठीवर जलकन्या, शंख फुंकणारे, जलाश्व. लांबट पट्टीचा आकारही तिथलाच. त्या मिरवणुका मात्र आनंदी असतात, मृताला सुखरूप पलीकडे नेणाऱ्या. मान्तेन्यानं सगळी पात्रं उचलली आणि त्यांना आपापसांत भांडायला लावलं. मूळ कुठलं हे कळण्यापेक्षा मुळात काय नव्हतं हे कळणं इथे जास्त कामाचं. मूळ मिरवणुकीत ती म्हातारी नव्हती.

पाटी

तिच्या पाटीवर रोमन लिपीत ‘इन्विद’ असं कोरलंय, लॅटिनमधल्या ‘इन्विदिआ’चं तुटलेलं रूप, म्हणजे मत्सर. ही षड्रिपूंतल्यासारखी अमूर्त कल्पना नाही, तिला देह आहे, आणि तो रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मधल्या दुसऱ्या भागातल्या वर्णनाला जवळचा: फिकट चेहरा, वाळलेलं शरीर, कधीच सरळ न बघणारी नजर, आहार सापाच्या मांसाचा, दुसऱ्याचं भलं पाहूनच झिजणारी. पंधराव्या शतकातल्या शिकलेल्या इटालियन माणसाला हे वर्णन ठाऊक असे.

पाटी चित्रात कुठल्या कामी आली आहे ते बघायला एक तुलना उपयोगी पडते. त्याच सुमाराला फ्लॉरेन्सच्या आन्तोनिओ पोल्लायुओलोनं दहा नग्न पुरुषांच्या लढाईचं मोठं एनग्रेव्हिंग केलं. तिथेही कथा सापडत नाही आणि तिथेही पाटी लटकते, पण तिच्यावर चित्रकाराचं पूर्ण नाव आणि गाव आहे. जिथे कलावंताची सही यावी तिथे मान्तेन्यानं मत्सर लिहिला. दोघांनी ठरवून केलं असं नाही, पण प्रेक्षक तेच होते: कार्यशाळांतून छापे हातोहात बघणारे चित्रकार, सोनार, शिल्पी. त्यांना हा फरक दिसला असणार.

म्हातारी स्वतः मारत नाही हेही बघा. ती मागे राहून भांडण पेटतं ठेवते. आणि नेपच्यून, ज्याचं हे राज्य, तो तर पुतळा आहे आणि पाठ फिरवून उभा आहे. ‘नेपच्यून युद्धात उतरलाय’ असं वर्णन कुठे वाचलंत तर लिहिणाऱ्यानं चौथरा बघितलेला नाही.

आता पुराण

एवढं झाल्यावर मतं तपासायला घ्या. तपासायची रीत एकच: प्रत्येक मताला विचारायचं की म्हातारी, पुतळा, पुतळ्याची पाठ, मासळी आणि एकाच जातीचे लढवय्ये या पाचांपैकी किती गोष्टींचा तू हिशेब देतोस?

पहिलं मत चरित्राचं. सिमोने दि आर्दिझोने नावाच्या चित्रकार-कोरकानं १४७५ मध्ये मान्तुआचा सत्ताधीश लुदोविको गोन्झागा याला तक्रारीचं पत्र लिहिलं. झोआन आन्द्रेआ या चित्रकाराच्या घरातून रेखाटनं आणि छापे चोरीला गेले होते, त्या छाप्यांचे पत्रे पुन्हा कोरून द्यायचं सिमोनेनं कबूल केलं, म्हणून मान्तेन्यानं धमक्या दिल्या आणि पुढे शस्त्रधारी माणसं अंगावर घालून आपल्याला मेल्यात जमा करून टाकलं, असं त्याचं म्हणणं. ही एकाच बाजूची कैफियत आहे हे विसरू नका. पण छापचित्रांवरून मान्तुआत डोकी फुटत होती एवढं तिच्यातून नक्की कळतं. हे मत म्हातारीचा आणि एकाच जातीच्या लढवय्यांचा हिशेब देतं: एकाच धंद्यातले लोक आपापसांत भांडतायत. पुतळा आणि मासळी मात्र तशीच उरते.

दुसरं मत तेल्खिनेसांचं. ऱ्होड्स बेटावरचे हे प्राचीन रहिवासी सागराची मुलं. त्यांनी बाळ पोसायडनला, म्हणजेच रोमनांच्या नेपच्यूनला, वाढवलं. देवांच्या मूर्ती सर्वांत आधी त्यांनी घडवल्या, ते हवी ती रूपं घेत, आणि आपली विद्या दुसऱ्याला शिकवायला मत्सरापोटी तयार नसत. हे सारं ग्रीक इतिहासकार डायोडोरसच्या पाचव्या ग्रंथात आहे, आणि त्याच्या पहिल्या पाच ग्रंथांचं इटालियन विद्वान पोज्जो ब्राच्चोलिनीनं केलेलं लॅटिन भाषांतर १४७२ मध्ये बोलोन्यात छापलं गेलं. काळ जुळतो, भाषा जुळते. म्हातारी जुळते, पुतळा तर फारच चांगला जुळतो: घडवणाऱ्यांचं भांडण चालू आहे आणि घडवलेली मूर्ती त्यांच्याकडे बघत नाही. मला या सगळ्यांत हेच मत जास्त टिकाऊ वाटतं. मासळीसाठी त्याच डायोडोरसच्या तिसऱ्या ग्रंथातल्या मत्स्यभक्षक लोकांकडे बोट दाखवलं जातं, किनाऱ्यावर नग्न राहून मासळीवरच जगणारे. तो धागा मला ओढून आणलेला वाटतो. समुद्रातल्या लोकांना हाताशी हत्यार म्हणून मासा मिळाला, यापलीकडे खुलाशाची गरज नाही.

तेल्खिनेसांच्या कथेला आणखी एक पदर आहे. भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की काहींच्या मते तेल्खिनेस मत्सरी नव्हतेच. ते उत्तम कारागीर होते, आणि इतर कारागिरांनीच जळफळाटानं त्यांची बदनामी केली. म्हणजे मत्सरी कोण हाच प्रश्न उलटतो. मान्तेन्याला हा उतारा ठाऊक होता असं मी म्हणत नाही. पण चित्रात कोण चूक आणि कोण बरोबर हे ठरवता येत नाही, आणि या पदरात ते बसतं.

तिसरं मत म्हणतं की यात अर्थ शोधूच नका. हा नमुनासंग्रह आहे, पुढून-मागून वळलेली नग्न शरीरं, घोडे, शेपट्या, कार्यशाळांत विकायला. पोल्लायुओलोच्या चित्राला हे मत बरंचसं लागू पडतं. इथे ते पाटीपाशी अडखळतं. नमुने विकायचे तर कुणी त्यावर मत्सर कोरायला बसत नाही. मान्तेन्यानं उतारवयात ‘अपेलेसची बदनामी’ हे रेखाटनही केलं, अपेलेस या चांगल्या ग्रीक चित्रकाराला खोट्या आरोपात अडकवल्याची जुनी कथा. विषय त्याच्या मनातून गेलेला नव्हता.

पार्श्वभूमीच्या पाणवनस्पतींबद्दल फारसं लिहिलं जात नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत गेलेला कुणीही सांगेल की असली बेटं खोल समुद्रात वाढत नाहीत, ती उथळ, संथ पाण्याची खूण. मान्तुआ शहर मिन्चो नदीच्या तळ्यांनी वेढलेलं आहे आणि त्या तळ्यांना अशाच वनस्पतींच्या कडा आहेत. मान्तेन्या १४६० पासून शेवटपर्यंत, म्हणजे १५०६ पर्यंत, तिथल्या दरबाराचा चित्रकार होता. सागरदेव गावाच्या तळ्यात येऊन भांडतायत असं म्हटलं तर पुरावा पुरेसा नाही, पण समुद्र इथे फार मोठा नाही एवढं डोळ्यांना दिसतं.

ड्यूररची नक्कल शेजारी ठेवा

शेवटचं काम १४९४ च्या नकलेचं. अल्बर्टिनाच्या संकेतस्थळावरून ती उतरवून त्याच मापात छापा आणि तुमचा बटर पेपर तिच्यावर ठेवा. बाह्यरेषा जवळजवळ तंतोतंत बसतात. तेवीस वर्षांच्या ड्यूररनं त्या मूळ छाप्यावरून गिरवूनच घेतल्या असं मानतात. छटा मात्र त्यानं स्वतःच्या पद्धतीनं भरली. मान्तेन्याच्या तिरक्या समांतर रेघा शरीराच्या गोलाईची पर्वा न करता सरळ जातात, जसं एका बाजूनं पडलेलं ऊन. ड्यूररच्या रेघा मांडीभोवती, खांद्याभोवती वळसा घेतात. एकाच स्नायूवर दोन्हीकडे भिंग धरा. मान्तेन्याकडे स्नायू उठावशिल्पासारखा उजेडात कापलेला दिसतो, ड्यूररकडे तोच कातडीखाली हलल्यासारखा.

काही वर्षांनी, १४९८ च्या सुमारास, ड्यूररनं स्वतःचं ‘सागरराक्षस’ हे एनग्रेव्हिंग केलं. तिथे पुन्हा अर्धा माणूस अर्धा मासा, पुन्हा पाठीवर नग्न स्त्री. भांडण गेलंय, मागे किनारा आणि डोंगरावरचा किल्ला आलाय. कथा तिथेही नीट सापडत नाही. आणि पाटी नसल्यामुळे ती शोधायला सुरुवात कुठून करायची हेसुद्धा कळत नाही.

छापे इंटरनेटवर शोधताना एक खबरदारी घ्या. मान्तेन्याच्या पत्र्यांच्या नकला इतर कोरकांनीही केल्या, आणि छाप्यावरून थेट पत्र्यावर गिरवलं की नक्कल उलटी येते. अक्षरं मात्र नक्कल करणारा सुधारून घेऊ शकतो, त्यामुळे पाटीवर विसंबू नका. नेपच्यूनचा पुतळा डाव्या भागात आहे का ते बघा. तो उजवीकडे असेल तर ते चित्र बाजूला ठेवा, आणि शेपट्या रंगवायला तर मुळीच घेऊ नका.